काठावरचा मतदार परत कसा आणायचा : नागपूर ग्रामीणमध्ये नव्याने काम करणाऱ्यांसाठी

निवडणूक हरलो त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी पक्षाच्या तालुका कार्यालयातलं कपाट आवरत होतो. खालच्या कप्प्यात लाल कापडात बांधलेला एक गठ्ठा सापडला. सोडून पाहिला तर पांदण रस्त्यांचे, म्हणजे वावरात जायच्या वाटांचे अर्ज. प्रचारात आम्हीच गावोगाव पारावर बसून ते लिहून घेतले होते. काहींवर सही, काहींवर अंगठा. "निवडणूक झाली की तहसीलला नेऊन देतो" असा शब्दही आम्हीच दिला होता. एकही अर्ज तहसीलला पोहोचला नव्हता. जी गावं आमच्या हातून गेली, त्यातली बरीचशी त्या गठ्ठ्यात होती.

त्यानंतर पाच वर्षं मी तीच गावं परत फिरलो, काठावरच्या, म्हणजे कधी इकडे कधी तिकडे जाणाऱ्या मतदारासाठी. काही आली, काही नाही आली. जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे. माझा पक्ष कोणता हे मुद्दाम सांगत नाही, कारण गठ्ठे सगळ्यांच्याच कपाटात असतात.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- तुमच्या गावांची भागनिहाय मतदार यादी, पुरवणी यादीसकट
- मागच्या विधानसभा आणि लोकसभा निवडणुकीचा नमुना २०, म्हणजे मतदान केंद्रनिहाय मतांचा तक्ता
- मतदार नोंदणीचे नमुने : ६ (नवीन नाव), ७ (नाव वगळणे किंवा आक्षेप), ८ (दुरुस्ती, पत्ता बदल)
- दोनशे पानी जाड वही, एका गावाला एक
- दुचाकी आणि पावसाळ्यासाठी गमबूट. चारचाकी गावाच्या बाहेर ठेवा. ती दारात उभी राहिली की माणूस बोलायचा थांबतो.

गळ्यातला पक्षाचा दुपट्टा या यादीत नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत तो घरीच राहू द्या.

१. कोण हललं ते आधी कागदावर पाहा

"हे गाव आपलं, ते गाव त्यांचं" हे वाक्य प्रत्येक तालुक्यात ऐकू येतं आणि ते बहुतेक वेळा जुनं झालेलं असतं. आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. १९ एप्रिल २०२४ ला रामटेक लोकसभेचं मतदान झालं आणि काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे निवडून आले. सात महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, त्याच मतदारसंघातल्या सहा विधानसभा जागांसाठी मतदान झालं. काटोल, सावनेर, हिंगणा आणि कामठी भाजपकडे गेल्या, रामटेक शिंदे यांच्या शिवसेनेकडे, आणि काँग्रेसकडे एकटं उमरेड राहिलं. काटोल तर २०१४ ला भाजप, २०१९ ला राष्ट्रवादी, २०२४ ला पुन्हा भाजप असं फिरलं. मतदार तेच, वावरं तीच.

म्हणून नमुना २० घ्या आणि तुमच्या गावच्या केंद्रावर लागोपाठच्या दोन निवडणुकांत कोणाला किती मतं पडली ते शेजारी शेजारी लिहा. इथे नवीन माणूस हमखास फसतो. दोन निवडणुकांच्या मधे केंद्रांची फेररचना होते आणि भाग क्रमांक बदलतात. क्रमांकावरून जुळवलंत तर भलत्याच गावाची तुलना होईल. गावाच्या आणि शाळेच्या नावावरून जुळवा. टपाली मतं केंद्रनिहाय नसतात, ती बाजूला ठेवा.

ग्रामपंचायतीचा निकाल या हिशेबात धरू नका. ती निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. सरपंच "आपला" म्हणून गुलाल उधळलेल्या गावात जिल्हा परिषदेला आम्ही तिसऱ्या नंबरवर होतो.

ज्या केंद्रावर तुमच्या पक्षाची मतं दोन निवडणुकांत मोठ्या फरकाने वरखाली झाली, तिथे काठावरचा मतदार जास्त आहे. अशी दहा केंद्रं निवडा. एका माणसाला दहापेक्षा जास्त होत नाहीत, मी करून पाहिलं आहे.

२. जा, बसा, बोलू नका

वेळ बघून जा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, कोणाला बसायला सवड नसते. मौदा, रामटेक, कुहीकडे जुलैत धानाची रोवणी असते. कापूस वेचणी सुरू असताना बाया घरी भेटणार नाहीत. उन्हाळ्यात संध्याकाळी सात नंतर आणि पावसाच्या झडीत दुपारी माणूस निवांत सापडतो.

पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारा : "मागच्या वेळी आमच्याकडून काय चुकलं?" मग गप्प राहा. समोरचाही गप्प राहील. चहा येईल, चहा संपेल, तरी गप्प राहील. उठू नका.

नरखेड तालुक्यात एका संत्रा उत्पादकाच्या ओसरीवर मी असाच बसलो होतो. आंबिया बहाराची फळगळ सुरू होती. अंगणात घमेलं भरून गळालेली हिरवी-पिवळी फळं पडली होती, त्यांना आंबूस वास सुटला होता. काकाजींनी एक फळ उचललं, देठाकडून अंगठ्याने दाबलं, आतून काळं पाणी आलं. म्हणाले, "हे पाहा. तुमचा नेता आमच्या गावात येऊन बोलला, संत्र्याले जगात मार्केट देतो. बांगलादेशनं ड्युटी वाढवली, माल इथंच सडला. मी म्हटलं जाऊ द्या, ते काही तुमच्या हातात नाही. पन फळगळीचा पंचनामा तं तुमच्या हातात होता ना? तलाठ्याले एक फोन तं लावता आला असता?"

हे मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. सरकारचं आयात-निर्यात धोरण आपल्या हातात नाही, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तो रागावतो ते हातात असलेल्या गोष्टीवरून.

हमीभावाचंही तसंच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, हा आकडा भाषणात छान वाटतो. पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की माल परत येतो, आणि गाडीभाडं भरून बसलेला शेतकरी व्यापारी म्हणेल त्या भावात विकून मोकळा होतो. त्याच्यापुढे आकडा सांगू नका. ओलावा किती लागला होता ते विचारा.

प्रत्येक भागाचं दुखणं वेगळं आहे, एकच भाषण सगळीकडे चालत नाही. काटोल-नरखेडात संत्रा. भिवापूर-उमरेडकडे मिरची आणि सोयाबीन. कुही-भिवापुरात गोसीखुर्दचे प्रकल्पग्रस्त, ज्यांच्या धरणाची पायाभरणी १९८८ ला झाली आणि ज्यांची दुसरी पिढी अजून पुनर्वसनाच्या सोयींवर बोलते. कोराडी-खापरखेड्याच्या आसपास वीज केंद्राची राख. रामटेक-पारशिवनीत वाघ, आणि जवळपास सगळीकडे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. रात्रीची लाइन आली की मोटर लावायला अंधारात वावरात जाणाऱ्या माणसाच्या घरी त्या वेळी बायको जागी असते. हे लक्षात ठेवून बोला.

३. चूक झाली असेल तर ती त्याच्या दारात जाऊन मान्य करा

या पायरीला सगळे टाळतात. मीही महिनाभर टाळलं.

तो लाल कापडातला गठ्ठा मी शेवटी उचलला आणि अर्ज ज्याचा त्याला परत करायला निघालो. तोवर मला एक गोष्ट कळली होती, ती कळल्यावर रात्री झोप लागली नाही. असलेला शेतरस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण ती अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमच्या कपाटात ते सहा महिने निघून गेले होते. आम्ही काही दिलं नाही एवढंच नव्हतं, त्यांच्या हातात जे होतं तेही आमच्यामुळे गेलं.

पहिल्याच घरी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने अर्ज हातात घेतला, उलटा-सुलटा केला, स्वतःचा अंगठा पाहिला. "तुमाले आता टाइम भेटला का? चिखलात बैलाचा पाय मोडला तवा कुठी होते तुमी?" मी म्हटलं, "काकाजी, आम्ही अर्ज दिलाच नाही. चूक आमची आहे." सून दारात उभी होती, तिने पाणी आणलं नाही. विदर्भातल्या घरात पाणी न येणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी तसाच उठलो.

सगळे अर्ज परत द्यायला दोन महिने लागले. तीन घरांत मला आत घेतलं नाही. पण त्याच गावांत पुढे माझं बोलणं ऐकून घेतलं गेलं.

कबुली देताना या गोष्टी सांभाळा. "वरून आदेश नव्हता" म्हणू नका. आधीच्या पदाधिकाऱ्याचं नाव घेऊ नका. "त्यांनी तरी काय केलं" असं विरोधकांवर ढकलू नका, कारण मागच्या वेळी त्याने त्यांनाच मत दिलं आहे. त्यांना वेडं ठरवलं की त्यालाही वेडं ठरवल्यासारखं होतं. आणि त्या दिवशी मताचा विषय अजिबात काढू नका.

४. एका गावात एक काम घ्या आणि ते संपवा

दहा कामं लिहून घेण्यापेक्षा एक काम पूर्ण झालेलं गाव बघतं. कोणतं काम घ्यायचं ते तुमची वही सांगेल. जे तीन वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या समाजाच्या माणसांनी सांगितलं, ते घ्या. एकाच वस्तीचं काम घेतलंत तर दुसरी वस्ती हातची जाते.

आपल्याकडे ते काम बहुधा पांदण रस्ता असतं, म्हणून त्याची वाट सांगतो :

- शेतात जायला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून (आपल्याकडे धुऱ्यावरून) रस्ता मागायचा अर्ज तहसीलदारांकडे.
- असलेला रस्ता अडवला असेल तर वर सांगितलेलं कलम ५, सहा महिन्यांच्या आत.
- अर्जासोबत स्वतःचा चालू सातबारा, शेजारच्या गटांचे तपशील, गाव नकाशाची प्रत आणि कच्चा नकाशा.
- रस्ता नकाशावर आहे पण चिखलाचा आहे, तर तो सरकारच्या शेत-पाणंद रस्ते योजनेत घ्यायला ग्रामसभेचा ठराव करून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. आठ दिवस आधी ग्रामसेवकाकडे विषय लेखी द्या, ऐनवेळी सांगितलेला विषय इतिवृत्तात येत नाही.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत अर्जदाराच्या घरी ठेवा, आपल्याकडे फक्त फोटो. कागद त्याच्या घरी असला की आपल्याला विसरायची सोय राहत नाही.

धुऱ्याचा वाद दोन भावांमधला किंवा दोन शेजाऱ्यांमधला असतो हे विसरू नका. अर्ज करण्याआधी दोघांना एकत्र बसवून पाहा. मी सोडवलेल्या रस्त्यांपैकी निम्मे तहसीलीत गेलेच नाहीत, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पारावर सुटले. एकाची बाजू घेऊन गेलात तर एक मत मिळेल आणि समोरचं सगळं घर जाईल.

पिकाच्या नुकसानीचं काम असेल तर घाई हीच मदत. २०२४ पर्यंत खरिपाच्या पीक विम्यात गारपीट, शेतात पाणी साचणं अशा स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागायची; नियम बदलला तरी घाई तीच. गारपीट झाली की पहिल्या दिवशी आपण गावात हवं, हातात मोबाइल घेऊन. चौथ्या दिवशी पाहणी दौरा काढणारा नेता फोटोत दिसतो, शेतकऱ्याच्या कामाचा नसतो. अनुदान यादीत नाव असूनही पैसे आले नाहीत, तर पहिल्यांदा बँक खात्याला आधार जोडलेला आहे का ते बघा. मी एका माणसाबरोबर त्यासाठी बँकेत तीन चकरा मारल्या. चौथ्यांदा तो एकटा गेला आणि काम करून आला. त्याच्या मनात माझ्याबद्दल जे काही बदललं, ते त्या तीन चकरांत.

आधार, पासबुक, सातबाऱ्याच्या प्रती मात्र आपल्याकडे गोळा करू नका. जमा झालेले कागद कपाटात जातात. पुढचं मी सांगितलंच आहे.

५. बायांशी बायांनीच, आणि थेट बोलावं

"आमच्या घरातली सगळी मतं पक्की" असं सांगणाऱ्या पुरुषावर आम्ही वर्षानुवर्षं विसंबून राहिलो. घरातली बाई आता स्वतः ठरवते. ऑगस्ट २०२४ पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० रुपये तिच्या स्वतःच्या खात्यात यायला लागले, त्यानंतर तर हे उघडच दिसलं. योजना तुमच्या पक्षाची असो वा नसो, त्या पैशाला नावं ठेवू नका. त्यात तिने पोरीची फी भरली आहे, औषध आणलं आहे. तुम्ही सरकारात असाल तर फक्त त्या पैशावर विसंबू नका. केवायसी अडकून हप्ता थांबलेल्या बाईला "वरून बंद झालं" हे उत्तर पुरत नाही.

बचत गटाच्या बैठकीला आपल्या महिला कार्यकर्तीने जावं, गटाच्या अध्यक्षताईला आधी विचारून. तिथे भाषण नको. गटाच्या कर्जाची फाइल बँकेत कुठे अडली, नळाला पाणी किती वाजता येतं, एसटीची सकाळची गाडी बंद झाल्यावर कॉलेजच्या पोरी कशा जातात, हे विषय तिथे निघतात. ते पुरुषांच्या बैठकीत कधीच निघत नाहीत.

६. यादीत नसलेला मतदार शोधा

बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसीत कामाला गेलेली पोरं, नागपुरात खोली करून परीक्षेची तयारी करणारे, लग्न होऊन आलेल्या सुना. यांची नावं एक तर नाहीत, नाहीतर भलतीकडे आहेत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, त्यामुळे पोराला अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभर थांबायचं कारण नाही. नवीन नाव नमुना ६, पत्ता बदल नमुना ८. बीएलओशी, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याशी, ओळख ठेवा. बहुतेक ठिकाणी त्या अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात, त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच भारी असतो, दमदाटी करू नका.

हे काम सगळ्यांसाठी करा. समोरचा पोरगा आपल्याला मत देईल का, असं बघून नमुना भरायला लागलात तर गावाला दोन दिवसांत कळतं. आणि विरोधकांची नावं कमी व्हावीत म्हणून नमुना ७ चे खोटे अर्ज टाकणारे लोक भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. खोटी माहिती देणं गुन्हा आहे, आणि ज्याचं नाव कापलं जातं तो मतदान केंद्रावरून परत फिरताना जे बोलतो ते सगळं गाव ऐकतं.

८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदाराला लोकसभा-विधानसभेला घरून मतदान करता येतं. त्यासाठी नमुना १२ड अधिसूचनेपासून पाच दिवसांत भरावा लागतो. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर आधीच तयार ठेवा.

७. आता मत मागा, आणि कायद्यात राहून मागा

इथवर आलात तर दुपट्टा घाला. घरोघर जा, काय झालं आणि काय राहिलं ते दोन्ही सांगा. राहिलेलं आधी सांगा.

नव्या माणसाला ज्या गोष्टी "चालतं भाऊ" म्हणून शिकवल्या जातात, त्या चालत नाहीत. जात किंवा धर्माच्या नावाने मत मागणं, पैसे-साडी-दारू वाटणं, आणि मतदारांना केंद्रावर न्यायला भाड्याच्या गाड्या लावणं, हे तिन्ही लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार आहेत. निवडून आलेला उमेदवार त्यावरून घरी बसू शकतो. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास प्रचार बंद. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार नाही, त्यामुळे आपलं टेबल त्याच्या बाहेर मोजून लावा. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आहे, आणि तुमच्या चहाचा खर्चही त्यातच धरला जातो, म्हणून बिलं रोजच्या रोज द्या.

पैशाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. काठावरच्या मतदाराला शेवटच्या रात्री पाकीट दिलं की तुम्ही आधीची सगळी मेहनत स्वतः पुसून टाकता. त्याला वाटतं, बैलाच्या पायाचं दुःख ऐकायला आला होता तोही याचसाठीच. एका गावात आमच्याच माणसांनी माझ्या नकळत हे केलं. दुसऱ्या दिवशी ज्या घरी मी जेवलो होतो, त्या घरच्या काकूंनी मला दारातच ते पाकीट परत दिलं आणि म्हणाल्या, "हे घेऊन जा भाऊ, मत मी कालच ठरवलं होतं." कोणाला ठरवलं होतं ते मी विचारलं नाही.

८. निकालानंतरचा आठवडा

जिंकलात तर मिरवणूक विरोधी मत पडलेल्या वस्तीतून नेऊ नका. हरलात तर घरी बसू नका. दोन्ही वेळी तिसऱ्या दिवशी वह्या घेऊन त्याच दहा केंद्रांच्या गावांत जा. कोणी कोणाला मत दिलं ते शोधत बसू नका, एकाच केंद्राचं गाव असलं की आकड्यावरून लोक एकमेकांकडे बोट दाखवायला लागतात, तिथे तुम्ही तेल ओतू नका. मतदान गुप्त आहे आणि ते तसंच राहिलं तर माणूस पुढच्या वेळी बदलायला मोकळा राहतो.

वहीत ज्या कामापुढे पोच क्रमांक आहे पण निकाल नाही, ते पान दुमडून ठेवा आणि सोमवारी, लोक तहसीलला येतात तेव्हा, अर्जदाराला बरोबर घेऊन तिथे जा. मी निकालानंतरच्या पहिल्या सोमवारी त्याच म्हाताऱ्या काकाजींना घेऊन गेलो होतो, कलम १४३ च्या नव्या अर्जाची तारीख होती. दुचाकीवर मागे बसताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं, आणि गावाबाहेर आल्यावर म्हणाले, "हळू चालव, रस्ता खराब आहे."